गादीवर कोण आणि गादीमागे कोण

आमच्या धर्मग्रामात सायंकाळच्या जपमाळेची वेळ अलीकडच्या काही वर्षांत दोनदा बदलली. एकदा कांद्याच्या काढणीमुळे, आणि दुसऱ्यांदा, सांगावयास थोडा संकोच वाटतो, एका मालिकेमुळे. सोनी वाहिनीवर जानेवारी २०२१ मध्ये ‘पुण्यश्लोक अहिल्याबाई’ ही हिंदी मालिका सायंकाळी साडेसात वाजता सुरू झाली, आणि काही काळाने आमच्या ध्यानात आले की, शेवटच्या रहस्याला पोहोचता पोहोचता मंडळींचा ‘नमो मरिया’ एकाएकी वेगाने धावू लागतो. आम्ही रागावलो नाही. माळेची वेळ अर्धा तास अलीकडे घेतली, आणि पुढे आम्हीही मधूनमधून ती मालिका पाहिली.

आपल्या भागातील कुटुंबांना या कथेची ओढ वाटावी यात नवल नाही. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली जामखेड तालुक्यातील चौंडी या गावी झाला. ज्या जिल्ह्याला २०२४ पासून त्यांचे नाव मिळाले, तो आपलाच जिल्हा. आपल्याच मातीतली, पाटलाच्या घरची एक मुलगी माळव्यात सून म्हणून जाते आणि पुढे अठ्ठावीस वर्षे राज्य चालविते, ही गोष्ट सांगण्यासारखीच आहे. बालपणीच्या अहिल्येचे काम अदिती जलतारे हिने आणि मोठेपणीचे एतशा संझगिरी यांनी केले. राजेश शृंगारपुरे यांचे मल्हारराव आमच्या गावातील वृद्धांनाही पसंत पडले. मुलीने शिकावे की नाही यावरून सासरी चाललेली ओढाताण पाहताना आमच्या काही आज्यांनी डोळे पुसलेले आम्ही स्वतः पाहिले आहेत.

तथापि मालिकेचा एक स्वभाव असतो. तिला रोज उद्यासाठी काहीतरी शिल्लक ठेवावे लागते, आणि ते काहीतरी बहुधा एखादे कारस्थान असते. मग वाड्यातील एका दालनात कुजबुज चालते, कोणी पडद्याआड उभे राहते, ढोल वाजतो, आणि पडद्यावर प्रत्येकाचा चेहरा तीन तीन वेळा दिसतो. सत्तेची हाव म्हणजे वाईट माणसाने डोळे वटारून केलेली खलबते, असा समज त्यामुळे मनात घट्ट बसतो. खेरीज अशी कारस्थाने पाहण्यात आपल्याला एक चोरटी गोडी लागते, हेही खरे. इंग्लंडच्या दूरचित्रवाणीवर १९९० साली ‘हाऊस ऑफ कार्ड्‌स’ नावाची मालिका दाखविण्यात आली होती. तिच्यातला महत्त्वाकांक्षी पुढारी मधेच वळून प्रेक्षकांशीच बोलू लागतो आणि आपले बेत त्यांना विश्वासाने सांगतो. पाहणारा नकळत त्याचा भागीदार होऊन बसतो. आपल्याकडच्या मालिकांत कोणी असे वळून बोलत नाही. परंतु ‘आता ती कशी फसते पाहा’ असे आपणच शेजारच्याला सांगतो, तेव्हा गोष्ट फारशी निराळी राहत नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्या धर्मग्रामातील बेचाळीस माणसे धन्यवादित सिस्टर राणी मरिया यांच्या कबरीच्या दर्शनाला उदयनगरास निघाली. धुळे, शिरपूर, सेंधवा करीत आमची बस खलघाटाजवळ नर्मदा ओलांडून इंदुरास पोहोचली. तेथे एक मुक्काम होता, आणि बायकांचा एकच हट्ट, की राजवाडा पाहिल्याशिवाय पुढे जावयाचे नाही. तेव्हा सकाळच्या मिस्सेनंतर सर्वांना घेऊन आम्ही राजवाड्यासमोर जाऊन उभे राहिलो.

सात मजल्यांची ती वास्तू; खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. १८०१, १९०८ आणि १९८४ अशी तीनदा तिला आग लागली, आणि तीनदा ती पुन्हा उभी राहिली. समोरच्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा आहे. आमच्याबरोबरच्या एका सत्तरी ओलांडलेल्या बाई बराच वेळ वर पाहत होत्या. मग म्हणाल्या, “फादर, टीव्हीतला वाडा याच्यापरीस मोठा व्हता.” सगळे हसले. परंतु त्यांचा पुढचा प्रश्न ऐकून आम्हांस थोडे थांबावे लागले. त्या म्हणाल्या, “बाईच्या हातात कारभार दिला खरा, पण चालवीत कोण व्हतं? दिवाणच ना?”

हा प्रश्न त्या बाईंना कोठून सुचला असेल, हे गावात राहणाऱ्याला सांगावयास नको. आम्ही त्यांना बागेच्या कठड्यावर बसविले आणि जे ठाऊक होते ते सांगितले.

मल्हारराव होळकर १७६६ च्या मे महिन्यात आलमपूर येथे वारले. त्यांचा एकुलता मुलगा खंडेराव, म्हणजे अहिल्याबाईंचे पती, कुंभेरीच्या वेढ्यात १७५४ सालीच तोफेच्या गोळ्याने मारला गेला होता. गादी नातू मालेरावाकडे गेली. तोही वर्षाच्या आत, १७६७ च्या वसंतात मरण पावला. पती, सासरे आणि मुलगा, तिघेही गेले. आता घरात वारस नाही आणि दौलत मात्र मोठी. अशा वेळी जो पुढे आला तो कोणी तलवार उपसलेला शत्रू नव्हता. तो घरचाच माणूस होता, होळकरांचा जुना दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड. त्याचा सल्ला ऐकावयास मोठा समंजस वाटतो: बाईंनी एखादे लहान मूल दत्तक घ्यावे, स्वतःसाठी उत्पन्न ठरवून घ्यावे आणि देवधर्म करीत स्वस्थ राहावे, राज्याची दगदग त्यांनी कशाला घ्यावी?

मालिकेतल्या खलनायकाप्रमाणे या दिवाणाने डोळे वटारले असतील असे आम्हांस वाटत नाही. तो बहुधा हात जोडून, आवाज खाली ठेवून बोलला असेल. कदाचित त्याला स्वतःलाही आपण बाईंचे हितच पाहतो असे वाटत असेल. परंतु त्या सल्ल्याचा अर्थ सरळ होता. गादीवर मूल बसेल, मुलाच्या नावाने शिक्का उठेल, आणि शिक्का धरणारा हात दिवाणाचा असेल. बाईंनी तो अर्थ ओळखला. आपण एका राजाची पत्नी आणि दुसऱ्याची आई आहोत, तेव्हा गादीवर कोणाला बसवावयाचे हे ठरविण्याचा अधिकार आपला, असे त्यांचे म्हणणे असल्याचे माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने मध्य हिंदुस्थानावरील आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. दिवाणाने मग पेशव्यांचे चुलते रघुनाथराव यांना आपल्या बाजूस घेतले, आणि दादासाहेबांची फौज क्षिप्रेच्या काठी येऊन थांबली.

यापुढचा भाग लोकांना पाठ आहे: बाईंनी स्वतः लढावयाची तयारी केली, आणि स्त्रियांशी लढून जिंकलात तर कीर्ती नाही व हरलात तर तोंड दाखवावयास जागा नाही, अशा अर्थाचा निरोप दादांना धाडला. हा प्रसंग सांगणाऱ्यागणिक थोडाथोडा वाढत गेला असावा. आम्हांस त्याहून महत्त्वाची वाटते ती त्यांची दुसरी तयारी. त्यांनी तुकोजी होळकरांना फौजेसह बोलाविले, शेजारच्या सरदारांना पत्रे धाडली, आणि पुण्यास माधवराव पेशव्यांकडे न्याय मागितला. पेशव्यांनी चुलत्याची बाजू घेतली नाही. तेव्हा, आपण तर मालेरावाच्या दुखवट्याला आलो होतो, असे म्हणून दादासाहेबांनी पाय मागे घेतला.

पुढे बाईंनी फौज तुकोजींकडे सोपविली आणि कारभार महेश्वराहून स्वतः पाहिला. त्या रोज दरबारात बसत, पडदा न ठेवता फिर्यादी ऐकत. तुकोजी त्यांना मातुःश्री म्हणत, तरी पैशांच्या हिशेबावरून दोघांचे खटके उडत, आणि बाई हिशेब सोडत नसत. काशीविश्वनाथाचे देऊळ त्यांनी १७८० च्या सुमारास पुन्हा बांधले. असे धर्मकार्य त्या आपल्या खासगीच्या उत्पन्नातून करीत, राज्याच्या खजिन्यातून नव्हे. सगळे काही गोडीगुलाबीनेच झाले असे मात्र नाही. रामपुऱ्याच्या चंद्रावतांचे बंड त्यांच्या फौजेने मोडले, आणि ते शस्त्रानेच मोडले. त्यांच्या हुकमांवर स्वतःच्या नावाऐवजी श्रीशंकराचे नाव असे. राज्य त्याचे, आपण सांभाळणाऱ्या, अशी त्यांची भावना. आपली श्रद्धा निराळी आहे. परंतु आपल्याला मिळालेले दुसऱ्याचे आहे आणि त्याचा हिशेब द्यावयाचा आहे, ही जाणीव कोणाही ख्रिस्ती माणसाला परकी वाटणार नाही.

आमच्या बाईंचे अजून समाधान झाले नव्हते. “आन् तिच्या मागं?” त्यांनी विचारले.

तिच्या मागे जे झाले ते कोणतीही मालिका फारशा उत्साहाने दाखविणार नाही. अहिल्याबाई १३ ऑगस्ट १७९५ रोजी वारल्या, तुकोजी १७९७ मध्ये. लगेच त्यांच्या मुलांत वारसाचा कलह पेटला. यशवंतराव होळकर त्यातून वर आले; शूर पुरुष, पण १८११ साली तेही गेले. मागे उरला तिसरा मल्हारराव, एक अल्पवयीन मुलगा. पन्नास वर्षांपूर्वी बाईंनी जे होऊ दिले नव्हते तेच आता झाले. मुलाच्या नावाने तुळसाबाई कारभार करू लागल्या, तुळसाबाईंच्या नावाने त्यांचे कारभारी, आणि पगार थकलेली फौज कोणाचेच ऐकेनाशी झाली. १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरच्या लढाईच्या आदल्या दिवशी, इंग्रजांशी संधान बांधल्याच्या संशयावरून, त्यांच्याच सैन्यातील सरदारांनी तुळसाबाईंना नदीकाठी नेले आणि त्यांचा शिरच्छेद केला. ती नदी क्षिप्राच. दुसऱ्या दिवशी, २१ डिसेंबरला, लढाई हरली. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकरांचे स्वातंत्र्य संपले, खानदेशासह सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलूख गेला, आणि इंदूर ही इंग्रजांच्या छायेखालील राजधानी झाली.

पवित्र शास्त्रातही अशी एक कथा आहे. अथल्या राणीने राजवंशातील मुलांचा संहार केला. योवाश नावाचे एक तान्हे बालक मात्र मंदिरात लपविले गेले, आणि सात वर्षांचे होताच यहोयादा याजकाने त्याला गादीवर बसविले. यहोयादा सज्जन होता म्हणून निभावले. पण तो वारल्यावर तोच योवाश बिघडला, इतका की त्याने यहोयादाच्या मुलाला दगडमार करविला. दुसऱ्याच्या हाताने राज्य करण्याची सवय झालेल्याला स्वतःचे हात कसे वापरावे ते कळले नाही, असे आम्हांस त्यातून दिसते. येथे मूल गादीवर बसविणारा याजक होता, ही गोष्ट आम्ही स्वतःसाठी टिपून ठेवली आहे. सत्तेची इच्छा धोतर, पागोटे आणि खादी यांतच राहते, झग्यात नाही, असे कोणी समजू नये. जब्दीच्या मुलांच्या आईने आपल्या पुत्रांसाठी प्रभूच्या उजव्या-डाव्या हाताची आसने मागितली, तेव्हा इतर दहा शिष्यांना राग आला. तो राग ती मागणी अयोग्य होती म्हणून, की ती आपल्याला आधी सुचली नाही म्हणून, याविषयी आम्हांस नेहमीच शंका वाटत आली आहे.

दुपारी आम्ही उदयनगरास निघालो.

सिस्टर राणी मरिया यांची हकीकत आपल्या वाचकांना थोडीबहुत ठाऊक असेल. केरळातील पुल्लुवळी गावी १९५४ साली जन्मलेल्या या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट धर्मभगिनी १९९२ मध्ये उदयनगरास आल्या. तेथील आदिवासी शेतकऱ्यांचे दारिद्र्य केवळ पावसाने घडविलेले नव्हते. बियाण्यासाठी, लग्नासाठी, आजारपणासाठी सावकाराकडून पैसे घ्यावयाचे, कागदावर अंगठा उमटवावयाचा, आणि त्या कागदात काय लिहिले आहे ते सावकारालाच ठाऊक. राजवाड्यातला शिक्का आणि झोपडीतला अंगठा यांत आम्हांस फारसे अंतर दिसत नाही. दोन्ही ठिकाणी नाव एकाचे आणि मर्जी दुसऱ्याची. सिस्टरांनी काही मोठी चळवळ उभारल्याचा गाजावाजा केला नाही. लोकांना एकत्र बसविले, सरकारच्या योजना समजावून सांगितल्या, बँकेतून कर्ज कसे मिळते ते दाखविले, बचत करावयास शिकविले. आपली सही आपण करावी, इतकेच.

इतकेच, पण ज्यांचे सारे वजन दुसऱ्याच्या अंगठ्यावर उभे होते त्यांना ते सहन झाले नाही. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी सकाळी सिस्टर इंदूरच्या बसमध्ये बसल्या. वाटेत नाचनबोरच्या घाटात, भरलेल्या बसमधल्या लोकांदेखत, भाडोत्री मारेकऱ्याने त्यांना भोसकून ठार केले. वय अवघे एकेचाळीस. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे ख्रिस्तसभेने त्यांना रक्तसाक्षी म्हणून धन्यवादित घोषित केले. त्यांच्या धाकट्या भगिनी सिस्टर सेल्मी पॉल यांनी २००२ साली तुरुंगात जाऊन त्या मारेकऱ्याला राखी बांधली. त्याच्या मुक्ततेसाठीही कुटुंबाने अनुमती दिली, आणि २००६ मध्ये तो सुटला. त्यांच्या जीवनावर ‘द फेस ऑफ द फेसलेस’ नावाचा चित्रपट निघाला आहे. तो आमच्या मंडळींपैकी कोणीही पाहिला नव्हता. मालिका सर्वांनी पाहिली होती. कबरीपाशी मात्र बराच वेळ कोणी बोलले नाही. राजवाड्यासमोर प्रश्न विचारणाऱ्या त्या बाई कबरीच्या दगडावर हात ठेवून बसून राहिल्या, आणि बसमध्ये परत चढताना आम्हांस हलकेच म्हणाल्या, “हिला दिवाण नव्हता.”

परतीच्या वाटेवर आम्हांस झोप लागली नाही. त्याचे कारण येथे सांगणे भाग आहे.

१९९३ साली त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि ग्रामपंचायतीत स्त्रियांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखून ठेवण्यात आल्या. आपल्या राज्यात २०११ पासून त्या निम्म्या झाल्या. त्यानुसार आमच्या गावीही एक बाई सरपंच म्हणून निवडून आल्या आहेत. त्या आपल्याच धर्मग्रामातील, दहावीपर्यंत शिकलेल्या, मितभाषी. ‘सरपंचपती’ हा शब्द कोणत्याही कायद्यात नाही, तरी प्रत्येक गावात तो लहान मुलालाही समजतो. झेंडावंदनाला खुर्ची बाईंची, बाकी दिवस ती यजमानांची. आम्ही प्रवचनातून यावर कधी बोललो नव्हतो. न बोलण्याचे कारण असे, की आमचेही काम त्याच वाटेने सोपे होत होते.

दफनभूमीकडे जाणारी वाट पावसाळ्यात बंद पडते. शवपेटी खांद्यावर घेऊन गुडघाभर चिखलातून जावे लागते, हे दुःख आमच्या प्रत्येक घराने भोगले आहे. त्यासाठी बांधाकडेने पक्का रस्ता मिळावा म्हणून आम्ही अर्ज केला. अर्ज देण्याआधी आम्ही निरोप कोणाला धाडला? सरपंचबाईंना नव्हे, त्यांच्या यजमानांना. ते आले, चहा घेतला, “फादर, काम झालं समजा,” म्हणाले, आणि संमतीचे कागदही त्यांनीच गोळा करून आणले. आम्ही ते वाचलेसुद्धा नाहीत. काम देवाचे होते, घाई पावसाळ्याची होती, आणि माणूस ओळखीचा होता. क्षिप्राकाठच्या त्या दिवाणाला आम्ही इंदुरात नावे ठेवली खरी, पण शिक्का कोणाचा आणि हात कोणाचा हे आम्ही तरी कोठे विचारले होते?

परत आल्यावर आम्ही एक पत्र लिहिले, या वेळी सरपंचबाईंच्या नावाने, आणि अर्जाची आपण स्वतः पाहणी करावी अशी विनंती केली. चार दिवसांनी त्या आल्या, एकट्या, हातात फाईल. यजमान बाहेर मोटारसायकलपाशी उभे होते. त्यांना आत येण्याची खूण आम्ही केली नाही, बाईंनीही केली नाही. त्या खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या. सुरुवातीला आवाज फुटेना. मग त्यांनी एक कागद आमच्यासमोर ठेवला.

“फादर, हा गट तुम्ही रस्त्यासाठी धरलाय,” त्या म्हणाल्या. “सातबाऱ्यावर नाव तिचं आहे. संमतीवर सही तिच्या दिराची.”

ती बाई म्हणजे आमच्याच धर्मग्रामातील एक विधवा. दर रविवारी डाव्या बाजूच्या तिसऱ्या बाकावर बसते. तिच्या नवऱ्याचे अंत्यविधी आम्हीच त्याच चिखलवाटेने जाऊन केले होते.

“तिला विचारलं का कोणी?” सरपंचबाईंनी विचारले.

आम्ही विचारले नव्हते. तसे सांगितले. त्यांनी फाईल मिटली, आणि हा अर्ज या मासिक सभेत आपण घेणार नाही, असे म्हणाल्या. यजमानांनी तो घेण्याचे कबूल केले होते, हे आमच्या ओठांवर आले होते. ते आम्ही बोललो नाही.

अर्ज आम्ही मागे घेतला आहे. आता पाऊस जवळ आला असून वाट तशीच आहे. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर आम्ही त्या विधवा भगिनींच्या घरी जाणार आहोत. सरपंचबाईंनीही येण्याचे कबूल केले आहे. मोटारसायकल नको, पायीच येते, असे त्यांनी कळविले आहे.